एक वजाबाकी राहून जाते: चारित्र्य पडताळणीबाबत गृह विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, महिला व बाल विकास, पुणे

विषय: अठराव्या वर्षाआधी घडलेल्या गुन्ह्यांच्या नोंदी चारित्र्य पडताळणीत वापरल्या जाण्याबाबत, आणि अठरा ते एकवीस या वयातल्या किरकोळ गुन्ह्यांबाबत.

महोदय, महोदया,

पोलीस भरतीत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक मिळून पन्नास गुणांची मैदानी चाचणी होते, मग शंभर गुणांची लेखी परीक्षा. त्यानंतर कागदपत्रे आणि वैद्यकीय तपासणी. एवढे पार करून निवड यादीत आलेला उमेदवार कधी कधी अडकतो तो अगदी शेवटच्या कागदावर, साक्षांकन नमुन्यावर, म्हणजे स्वतःबद्दलची माहिती लिहून देण्याच्या फॉर्मवर. ‘आपणांस कधी अटक झाली होती काय, आपणांवर कधी खटला भरला होता काय’ या अर्थाचे दोन-तीन प्रश्न त्यात असतात. सतराव्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत झालेली मारामारी या रकान्यात लिहायची की नाही, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. लिहिले तर ‘गुन्हा दाखल आहे’ म्हणून फाईल बाजूला पडते. न लिहिले तर ‘माहिती दडवली’ म्हणून नेमणूक रद्द होते.

कायदा मात्र याबाबत गप्प नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार, या कायद्याखाली ज्याचे प्रकरण हाताळले गेले त्या बालकाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागत नाही. कलम ३ मध्ये नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व आहे: अपवादात्मक परिस्थिती सोडून बालकाच्या जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात. आणि कलम ७४ च्या दुसऱ्या पोटकलमात तर चारित्र्य प्रमाणपत्राचा थेट उल्लेख आहे. पोलिसांनी बालकाची कोणतीही नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणासाठी उघड करायची नाही. मूळ कायद्यात ही मनाई बंद झालेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणांपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ सप्टेंबर २०२२ पासून, प्रलंबित प्रकरणेही तिच्यात आली. ही दुरुस्ती अजून बऱ्याच पोलीस ठाण्यांच्या टेबलावर पोहोचलेली नाही. ‘केस चालू आहे, म्हणून लिहावेच लागते’ हे उत्तर आजही ऐकू येते.

वेगळा कायदा करा, अशी आमची मागणी नाही. आहे तो कायदा कुठे गळतो ते दाखवण्यासाठी हे पत्र आहे.

गळती सुरू होते पहिल्या दिवशी, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला आठवा नियम सांगतो की बालकाविरुद्ध प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) दोनच परिस्थितींत नोंदवायचा: गुन्हा निर्घृण स्वरूपाचा, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, असेल तर, किंवा तो प्रौढांच्या सोबतीने केल्याचा आरोप असेल तर. बाकी सगळ्या प्रकरणांत स्टेशन डायरीत नोंद घ्यायची, नमुना १ मध्ये सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा आणि दोन्ही बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे बालकांची अशी प्रकरणे पाहणाऱ्या मंडळाकडे, पाठवायचे. प्रत्यक्षात शाळेच्या दारातल्या दोन पोरांच्या हाणामारीलाही गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पडतो. कारण सोपे आहे. फिर्यादी ‘एफआयआरची कॉपी द्या’ म्हणून अडून बसतो आणि डायरीतल्या नोंदीने त्याचे समाधान होत नाही.

खरी गुंतागुंत असते ती प्रौढांसोबतच्या गुन्ह्यात, आणि गावाकडची बहुतेक प्रकरणे याच जातीची असतात. डीजेपुढे नाचण्यावरून भांडण झाले, एका बाजूचे सात जण, त्यांतला एक सतरा वर्षांचा. एकाच्या हाताला गज लागला. जुन्या भारतीय दंड संहितेप्रमाणे कलम ३२४, १४३, १४७, १४९, ३२३, ५०४, ५०६ लागली. १ जुलै २०२४ नंतरचे असेल तर भारतीय न्याय संहितेतले ११८(१), १८९, १९१, १९० वगैरे. गुन्हा एक, नोंदणी क्रमांक एक, आरोपींच्या रकान्यात सात नावे. पुढे बाल न्याय अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे बालकाची आणि प्रौढांची कारवाई एकत्र चालवता येत नाही, म्हणून कागद फुटतात. सहा जणांचे दोषारोपपत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आणि सातव्याचा अहवाल मंडळाकडे. मंडळापुढचा विषय लवकर संपतो, संपायलाच हवा. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा कायद्याच्या भाषेत किरकोळ. त्याची चौकशी पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत आणि वाढवून दिले तर आणखी दोन महिन्यांत पुरी झाली नाही, तर कलम १४ नुसार कारवाई आपोआप संपुष्टात येते. पण त्या सहा जणांचा खटला पाच-सहा वर्षे तारखांवर असतो. सीसीटीएनएस या पोलिसांच्या देशव्यापी संगणक प्रणालीमध्ये गुन्ह्याची स्थिती गुन्हा क्रमांकाला जोडलेली असते, माणसाला नाही. त्यामुळे मंडळाने कधीच मोकळा केलेला मुलगा संगणकावर ‘न्यायप्रविष्ट’ राहतो.

मग तेविसाव्या वर्षी त्याचा अर्ज येतो. जिल्हा विशेष शाखेकडून पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेत, तिथून बीट अंमलदाराकडे. नाव, वडिलांचे नाव, गाव टाकून शोध घेतला जातो, गुन्हा दिसतो, अहवालात उतरतो. या साखळीत एक साधी वजाबाकी कोणीच करत नाही: गुन्ह्याची तारीख वजा जन्मतारीख. उत्तर अठराच्या खाली आले तर ती ओळ अहवालात येताच कामा नये. अर्जावर जन्मतारीख असते, गुन्ह्याच्या नोंदीत घटनेची तारीख असते. दोन्ही आकडे समोर असूनही ही तपासणी ना माणूस करतो, ना संगणक. शोधाच्या पडद्यावर हे गणित आपोआप व्हावे आणि अठराखालच्या नोंदी गोपनीय शाखेच्या लॉगिनला दिसूच नयेत, एवढा बदल पडताळणीपुरता करता येईल. तपासासाठी लागणारे लॉगिन वेगळे ठेवा.

उत्तराची भाषा हा याहून नाजूक भाग आहे. काही अधिकारी कायदा जाणतात आणि प्रामाणिकपणे लिहितात: ‘सदर इसमाबाबतची माहिती बाल न्याय अधिनियमान्वये देता येत नाही.’ वाचणाऱ्याला आणखी काय सांगायचे राहिले? ज्याच्यावर काहीच नाही त्याच्याबद्दल कोणी असे लिहीत नाही, म्हणजे हे वाक्य हीच नोंद झाली. नोंद असलेला आणि नसलेला, उत्तर दोघांचे अक्षरशः एकच असायला हवे: ‘प्रतिकूल नोंद आढळून येत नाही.’ तारांकित खूण नको, सोबत बंद पाकीट नको, फोनवरून ‘साहेब, तसं काही नाही, पण...’ हेही नको. कोणी म्हणेल, हे खोटे लिहिणे झाले. तसे नाही. जी नोंद उघड करण्याचा अधिकारच अहवाल देणाऱ्याला नाही, ती त्या अहवालापुरती अस्तित्वात नसते. हा निर्णय हवालदाराच्या सदसद्विवेकावर सोडू नका. महासंचालक कार्यालयाने वाक्य ठरवून द्यावे, म्हणजे खाली कोणाला घाबरायला नको.

साक्षांकन नमुन्यातले शब्दही असेच ढिले आहेत. बालकाला कायद्याच्या भाषेत ‘अटक’ होत नाही, त्याला ताब्यात घेतले जाते. त्याच्यावर ‘खटला’ चालत नाही, चौकशी होते. ‘दोषसिद्ध’, ‘आरोपी’ असे कलंक लावणारे शब्द त्याच्याबाबतीत वापरायचे नाहीत, हेही कलम ३ मध्येच आहे. तेव्हा ‘कधी अटक झाली होती काय’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहिणारा मुलगा खरे बोलतो. पण नेमणूक अधिकारी त्याला खोटारडा ठरवतो, कारण त्याच्या हातातल्या अहवालात गुन्हा क्रमांक असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय खंडपीठाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात नियम घालून दिले. माहिती दडवली की नाही हे ठरवायचे तर नमुन्यातला प्रश्न नेमका हवा, मोघम नको, आणि जे नेमके विचारले तेवढेच सांगण्याची जबाबदारी उमेदवारावर, असे त्यांतला एक नियम सांगतो. या निकालाचा आधार आदेशांत जागोजागी दिला जातो, पण बहुधा उमेदवाराच्या विरोधातल्या भागापुरताच.

बालकांबाबत तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलातल्या उपनिरीक्षकपदाचा तो विषय होता. घटना अल्पवयात घडलेली, आरोप एका मुलीची छेड काढल्याचा. न्यायालयाने म्हटले की आरोप सिद्ध झाला असता तरी अल्पवयातली ती नोंद त्याच्या नेमणुकीच्या आड येऊ शकत नव्हती. त्या उमेदवाराचे नाव आम्ही इथे मुद्दाम देत नाही. प्रसिद्ध निकालपत्राच्या शीर्षकात ते आजही आहे, आणि ते असू नये हाही आमच्या म्हणण्याचाच भाग आहे.

आता नोंदी नष्ट करण्याबद्दल. कलम २४ चे दुसरे पोटकलम मंडळावर काम सोपवते: अपिलाची मुदत संपल्यावर किंवा ठरवून दिलेल्या वाजवी काळानंतर नोंदी नष्ट कराव्यात, असा आदेश मंडळाने पोलिसांना द्यायचा. आदर्श नियमांतला चौदावा नियम म्हणतो, अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे, त्यापुढे नाही. या ‘किंवा’ने घोळ केला आहे. अपिलाची मुदत तीस दिवसांची. तीस दिवस आणि सात वर्षे यांतले कोणते, हे आदेशात कोणी लिहीत नाही, म्हणून तारीखच पडत नाही. तारीख नाही म्हणून ते काम कोणाच्याही टेबलावर येत नाही. सात वर्षे धरली तर सतरा वर्षांच्या मुलाची नोंद चोविसाव्या वर्षापर्यंत जिवंत राहते. शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३. त्यातली महत्त्वाची वर्षे अशीच जातात.

आमचे म्हणणे असे. किरकोळ आणि गंभीर वर्गातल्या गुन्ह्यांत, म्हणजे निर्घृण वर्ग सोडून, मंडळाच्या अंतिम आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात नष्ट करण्याची तारीख अंकांत लिहिली जावी आणि ती अपिलाच्या मुदतीवरून काढलेली असावी. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यासोबत जिल्ह्याच्या गुन्हे अभिलेख शाखेलाही जावी. ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या नोंदवहीत ती तारीख चढावी. तारीख उलटल्यावर तीस दिवसांत विशेष बाल पोलीस पथकाने मंडळाला एका ओळीचा पूर्तता अहवाल द्यावा. मंडळाने त्रैमासिक आढाव्यात ‘किती आदेश दिले, किती पूर्तता आल्या’ असे दोन रकाने ठेवावेत. दोन आकड्यांत फरक दिसला की कोणाला विचारायचे ते कळते.

‘नष्ट’ म्हणजे नेमके काय काय, हेही लिहून द्यावे लागेल, नाहीतर एक नस्ती फाडून काम झाले असे होईल. सामाजिक पार्श्वभूमी अहवालाची ठाण्यातली प्रत, मंडळाच्या आदेशाची प्रत, बालकाचे छायाचित्र, घेतले असतील तर बोटांचे ठसे, ठाण्यातल्या संगणकावरच्या वर्ड फायली, आणि हो, तपासी अंमलदाराच्या मोबाइलमधले फोटो आणि पोलीस ठाण्याच्या व्हॉट्सॲप गटावरच्या पोस्ट. शेवटच्या दोन गोष्टी कुठल्याच नियमात सापडणार नाहीत, पण बालकाची ओळख आज सर्वाधिक फुटते ती तिथूनच. गटावरचा फोटो संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या यूट्यूब चॅनेलवर असतो. कलम ७४ मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. एवढे कलम ठाण्याच्या भिंतीवर लावले तरी फरक पडेल.

प्रौढांसोबतच्या गुन्ह्यात मूळ अहवाल नष्ट करता येणार नाही, तो त्यांच्या खटल्याचा पाया आहे. तिथे नाव झाकणे हाच उपाय. पहिल्या दिवसापासून बालकाच्या नावाऐवजी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक क्र. १’ असे लिहावे, खरे नाव वेगळ्या गोपनीय पत्रकात मंडळाकडे जावे. संकेतस्थळावर चढणाऱ्या अहवालांत हे आधी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील गुन्हे सोडून, प्रथम माहिती अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. एकदा चढलेली प्रत नंतर कुठे कुठे उतरवली गेली ते कोणाला सांगता येत नाही.

दुसरीकडे, फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ प्रमाणे घेतलेली मोजमापे (बोटांचे ठसे, छायाचित्रे वगैरे) राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे ७५ वर्षे राहतात. निर्दोष सुटलेल्यांच्या किंवा खटल्याविना मोकळ्या झालेल्यांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे, पण बालकांसाठी खाली स्पष्ट सूचना गेली नाही तर अंमलदार हातातले यंत्र सगळ्यांवर सारखेच चालवणार. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १ च्या चौथ्या पोटकलमाने बालकांबाबत हा कायदा इतर कायद्यांवर वरचढ ठरवला आहे. परिपत्रकात ते एक वाक्य घालावे.

इथे आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानत नाही. ‘म्हणजे उद्या गुन्हेगारांना वर्दी द्यायची का?’ डिसेंबर २०१२ ची दिल्ली आणि १९ मे २०२४ चे पुण्यातले कल्याणीनगर ही दोन नावे निघाली की बाल न्यायाबद्दल शांतपणे बोलणे अवघड होते. कल्याणीनगरच्या प्रकरणात तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेला तो जामीन लोक विसरलेले नाहीत, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. पण त्या रागाचा फटका बसतो तो गणपतीतल्या मारामारीतल्या पोराला, हे कोणी पाहत नाही. निर्घृण गुन्हा, म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक आहे तो, सोळा पूर्ण झालेल्याने केला असेल तर कलम १५ ची प्राथमिक छाननी आहे आणि त्यानंतर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तिथे दोषी ठरलेल्याला कलम २४ चे संरक्षण नाही. त्याची नोंद बाल न्यायालय जपून ठेवते. ही रेषा कायद्याने आखलेली आहे आणि ती पुसा असे आम्ही म्हणत नाही. रेषेच्या अलीकडच्यांना पलीकडच्यांसारखे वागवू नका, एवढेच म्हणतो.

तसेच, जुनी नोंद उकरणे आणि उशिरा झालेली तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणी अत्याचार सोसलेली मुलगी वीस वर्षांनी तक्रार देते तेव्हा ‘आता कशाला’ म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. तिच्या बाबतीत हिशेब अजून एकदाही झालेला नाही. किरकोळ गुन्ह्यांना दखल घेण्याच्या मुदती आहेत: नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला तीन वर्षे. त्याहून मोठ्या गुन्ह्यांना मुदत नाही, आणि नसावीच. करणारा तेव्हा सोळाचा आणि आज छत्तीसचा असेल तरी बाल न्याय अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे तो मंडळापुढेच जातो आणि माप लागते ते त्याच्या तेव्हाच्या वयाचे. अल्पवयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा करता येतो. अशा अनेक खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि शिक्षा रद्द केली.

वय पहिल्या दिवशी न तपासण्याची किंमत किती मोठी असते याचे उदाहरण पुण्याचेच आहे. १९९४ मध्ये एकाच घरात सात जणांची हत्या झाली. त्यात फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी घटनेच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या नोंदीवरून मान्य केले. तोवर अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांना इतक्या वर्षांनी हे ऐकावे लागले, आणि बारा वर्षांच्या मुलाला जे व्हायला हवे होते त्यातलेही काही झाले नाही. कलम ९४ चा क्रम साधा आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. आरोपी सतरा-अठरा-एकोणीसचा दिसत असेल तर ताब्यात घेतल्या दिवशीच शाळेकडे पत्र जायला हवे. आधार कार्डावरच्या जन्मतारखेवर भागवू नये.

अठरा पूर्ण झालेल्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे कायदा इतका मोकळा नाही. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या मारामारीला बाल न्यायाचे छत्र नाही. पण १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. परिवीक्षा म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणे. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि कैद दिलीच तर कारणे लिहायची, असे कलम ६ सांगते. ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. मात्र मूळ वर्तणुकीचा विचार करायला मालकाला मनाई नाही, हेही न्यायालयांनी सांगितले आहे. म्हणून बंधपत्र म्हणजे कोरी पाटी असे समजू नये. तरीही साध्या दंडापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

कारण दंड हाच इथला मोठा सापळा आहे. ‘कबूल कर, पाचशे रुपये भर, संध्याकाळी घरी’ हा सल्ला न्यायालयाच्या आवारात फुकट मिळतो. जुगाराच्या अड्ड्यावर बघ्या म्हणून सापडलेला, रस्त्यात आरडाओरडा केला म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली धरलेला मुलगा कबूल करून मोकळा होतो. त्याला वाटते पावती फाडली, विषय मिटला. प्रत्यक्षात ती दोषसिद्धी असते. चार वर्षांनी ‘दोषी ठरविले होते काय’ या प्रश्नाला तो ‘नाही’ लिहितो आणि अडकतो. सरकारी अभियोक्त्यांना एवढी सूचना द्या, की आरोपी एकवीसच्या आतला असेल तर कबुलीजबाबाआधी परिवीक्षेचा पर्याय न्यायालयाच्या लक्षात आणून द्यावा. परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास खात्याचे असतात, म्हणून हे पत्र आयुक्तांनाही आहे. अहवाल वेळेत गेला नाही तर न्यायाधीश दंड करून मोकळे होतात.

आंदोलनांतल्या गुन्ह्यांबद्दल थोडक्यात. शासन ‘गुन्हे मागे घेतले’ असे जाहीर करते तेव्हा कायद्याने काहीच मागे गेलेले नसते. प्रत्येक खटल्यात अभियोक्त्याने अर्ज करायचा (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०), न्यायालयाने संमती द्यायची, मग गुन्हा संपतो. टाळेबंदीतल्या कलम १८८ च्या, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या, गुन्ह्यांचेही तेच. घोषणा ऐकून निर्धास्त झालेल्या विद्यार्थ्याची नोंद संगणकावर तशीच असते. जिल्हावार याद्या काढून अर्ज कुठवर आले ते तपासावे.

नेमणूक अधिकाऱ्यांसाठी अवतार सिंग निकालाने मार्ग आखून दिला आहे. तरुण वयात घोषणा देणे किंवा एखादा किरकोळ गुन्हा, ज्याची माहिती दिली असती तरी उमेदवार त्या पदाला अपात्र ठरला नसता, अशा बाबतीत ती दडवल्याची चूक माफ करता येते. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले होते की विशीतली मुले चुका करतात आणि त्या चुकांकडे तशाच नजरेने पाहावे. उलट बाजूही खरी आहे. पोलीस दलासाठी निकष कडक असू शकतात, आणि साक्षीदार फुटल्यामुळे किंवा तडजोडीने झालेली सुटका ही सन्मानपूर्वक सुटका नव्हे, असे २०१३ पासूनचे निकाल सांगतात. म्हणून सरसकट माफी आम्ही मागत नाही. मागतो ते डोके वापरून दिलेले सकारण आदेश. आजचे आदेश बहुधा असे असतात: ‘गुन्हा दाखल असल्याने व माहिती दडविल्याने निवड रद्द.’ यात गुन्हा कोणता, उमेदवाराचा त्यात भाग काय, तेव्हा वय किती, निकाल काय लागला, मधल्या वर्षांत काही घडले का, आणि मागितलेल्या कामाशी त्याचा संबंध काय, यातले एकही उत्तर नाही. गर्दीत सातवा म्हणून नाव आलेला आणि गज मारणारा यांना एकच वाक्य लागते. चालकाच्या पदासाठी दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा महत्त्वाचा आहे. लिपिकाच्या पदासाठी तो तितका नाही, तिथे बनावट सहीचा गुन्हा जास्त बोलतो. ही सहा उत्तरे एका पानात मावतात. निवड रद्द करण्याआधी उमेदवाराला नोटीस आणि पंधरा दिवस द्यावेत, आणि निर्णय तीस दिवसांत व्हावा. जागा रिकामी ठेवून वर्ष काढणे हीसुद्धा एक शिक्षाच आहे, आणि ती कोणत्याही संहितेत नाही.

साक्षांकन नमुन्यासाठी आम्ही मजकूर सुचवतो. सध्याच्या प्रश्नांच्या वर हे वाक्य ठळक छापावे: ‘वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी घडलेल्या व बाल न्याय मंडळापुढे गेलेल्या कोणत्याही प्रकरणाची माहिती येथे देऊ नये, ती न दिल्यास माहिती दडविली असे समजले जाणार नाही.’ प्रौढाप्रमाणे चाललेल्या निर्घृण गुन्ह्यांचा अपवाद त्याखाली वेगळ्या ओळीत द्यावा. त्यानंतर चार स्वतंत्र प्रश्न: न्यायालयाने दोषी ठरवले आहे का (दंड भरून मिटलेली प्रकरणे धरून), सध्या दोषारोपपत्र दाखल झालेला खटला चालू आहे का, तपासावर असलेला गुन्हा तुम्हाला माहीत आहे का, परिवीक्षेवर सुटला आहात का. प्रत्येकापुढे हो, नाही आणि ‘मला खात्री नाही’ असे तीन चौकोन असावेत. तिसरा चौकोन हवाच, कारण आपण आरोपी आहोत की साक्षीदार हे गावातल्या अनेकांना समन्स येईपर्यंत माहीत नसते. ज्याने तो चौकोन भरला त्याच्यावर दडवल्याचा आरोप टिकत नाही, आणि पडताळणी करणाऱ्यालाही कुठे पाहायचे ते कळते.

यातल्या कशालाच विधिमंडळात जावे लागणार नाही. नमुना बदलायला गृह विभागाचे आणि सामान्य प्रशासन विभागाचे एक परिपत्रक, अहवालाच्या भाषेसाठी महासंचालकांचा एक आदेश, आणि मंडळांच्या अंतिम आदेशात तारीख यावी म्हणून आयुक्तालयाकडून मंडळांना एक विनंती, एवढ्यावर काम भागते. संगणकातला बदल वेळ घेईल. तो होईपर्यंत गोपनीय शाखेच्या अहवालावर ‘घटनेच्या तारखेस वय’ असा एक रकाना शाईने आखला तरी चालेल. पुढच्या भरतीचे साक्षांकन नमुने छपाईला जाण्याआधी निदान तो रकाना आणि वरचे ते एक वाक्य मार्गी लागावे.

आपले विश्वासू,
बाल न्याय मंडळांपुढे आणि फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील, निवृत्त परिवीक्षा अधिकारी आणि निवृत्त पोलीस अंमलदार